बडोद्याच्या घरगुती बैठकीत जपानी गाणं: लिहावं कसं, लावावं कसं

दांडिया बाजारातल्या एखाद्या घरात आजींचं सहस्रचंद्रदर्शन असतं आणि नातवाला आजीसाठी एक जपानी गाणं गायचं असतं. गळा तयार असतो, पेटी घरातच असते. अडतं दोन ठिकाणी: शब्द देवनागरीत उतरवताना आणि पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर सा धरायचा ते, ठरवताना. ही दोन कामं नीट झाली, तर ऐकणाऱ्याला भाषा येत नसली तरी गाणं पोचतं.

आधी गाणं प्रसंगाला शोभतंय का ते बघा. 'नादा सोऽसोऽ' हे ओकिनावाकडचं गाणं पुष्कळांना प्रेमगीत वाटतं आणि लग्नाच्या संगीतात घ्यावंसं वाटतं. घेऊ नका. मोरियामा र्योऽको यांनी ते गेलेल्या भावाच्या आठवणीत लिहिलंय. स्मरणसभेत मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही. मुलगा कॅनडा-अमेरिकेला निघालाय, तर 'फुरुसातो' घ्या. 1914 च्या शालेय गीतांतलं हे गाणं म्हणजे गावाकडची आठवण आहे. दुसऱ्या कडव्यात आईवडील कसे असतील याची काळजी आहे, तिसऱ्यात मनातलं काम पुरं करून एक दिवस परत येईन हा शब्द. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला धीर द्यायला 1961 चं 'उए ओ मुइते आरुकोऽ' बरं: अश्रू सांडू नयेत म्हणून वर बघत चालू या, एवढाच त्याचा भाव. इंटरनेटवर ते 'सुकियाकी' या नावानेही सापडेल. ते एका खाद्यपदार्थाचं नाव आहे, गाण्याशी त्याचा संबंध नाही, पण 1963 साली अमेरिकेत गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते याच नावाने. 'माकेनाइदे' (1993) हेही उमेद देणारं, पण ते जलद आहे आणि ट्रॅकशिवाय उभं राहत नाही. त्यात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. आपल्या हातांना समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, सवय, म्हणून आधी नुसती टाळी बसवा.

आजींसाठी मात्र 'आकातोम्बो', म्हणजे लाल चतुर (उडणारा किडा). शब्द मिकी रोफूऽ यांचे, 1921 चे. चाल यामादा कोऽसाकु यांनी 1927 साली बांधली. रोफूऽ लहान असतानाच आई घर सोडून गेली होती. गाण्यात कुणाच्या तरी पाठुंगळी बसून पाहिलेला संध्याकाळचा चतुर आहे, टोपलीत वेचलेली तुती आहे, आणि सांभाळणारी मुलगी पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेल्यावर गावाकडची खबरबात कशी थांबली ते आहे. आपल्या आज्यांच्या पिढीला हे कडवं फार समजावून सांगावं लागत नाही.

आता लिखाण. गणिताची चौकड्यांची वही घ्या. जपानी शब्द मात्रांनी, म्हणजे उच्चाराच्या सारख्या लांबीच्या तुकड्यांनी, मोजतात, म्हणून एका चौकोनात एकच मात्रा. 'आ, का, तो, न्, बो' असे पाच चौकोन होतात. त्यातल्या 'न्'ला स्वतःचा चौकोन आणि स्वतःचा वेळ हवाच. पुढे 'ब' असल्याने तो 'म्' होतो, पण 'तोम्' असं एका झटक्यात म्हटलं की एक मात्रा हरवते आणि पुढची ओळ पेटीच्या आधी धावते.

मराठी माणसाची खरी फजिती स्वरांच्या लांबीत होते. जपानी 'आ' ऱ्हस्व आहे आणि आपल्याकडे ऱ्हस्व 'आ'साठी अक्षरच नाही. 'क' लिहिलं तर उच्चार बदलतो, 'का' लिहिलं की तोंड आपोआप लांबतं. म्हणून एक शिस्त ठेवा: 'का' म्हणजे नेहमी एकच मात्रा, दोन हव्यात तिथे अवग्रह लावून 'काऽ'. ए आणि ओ यांनाही हाच नियम. शिवाय शब्दाच्या शेवटी इ-उ दीर्घ लिहायची मराठी शुद्धलेखनाची सवय इथे बाजूला ठेवा. 'फुरुसातो'ची पहिली ओळ 'उसागि ओइशि कानो यामा' अशी लिहायची, म्हणजे ज्या डोंगरात सशाचा पाठलाग केला तो डोंगर. सवयीने 'ओइशी' लिहिलंत आणि शेवट लांबवलात की ससा चविष्ट होतो. जपानी मुलंही ही ओळ तशीच ऐकतात. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. सत्कार आजींचा असेल तर ही एक मात्रा विसरू नका.

व्यंजनांत मराठीला चांगला हात मिळतो. 'त्सु' हा उच्चार हिंदी-गुजराती बोलणाऱ्यांना जड जातो, आपल्याकडे तो 'चूल'मधल्या 'चू'जवळ आहे, फक्त ऱ्हस्व करायचा. 'झा'साठी 'जाड'मधला 'जा' आठवा. 'फु'साठी खालचा ओठ दाताला लावू नका. गरम दुधावर फुंकर घालताना ओठ जसे असतात तसे ठेवा. 'र' जिभेच्या एकाच हलक्या टोल्याने. जुन्या वळणाच्या गायनात शब्दाच्या मधला 'ग' नाकात जातो, 'उसागि'चं 'उसाङि' होतं. वर्णमालेत पाठ केलेला ङ इथे अखेर उपयोगी पडतो.

सूर धरताना बडोदेकरांना घरचंच काहीतरी सापडेल. 'आकातोम्बो'चं स्वरसप्तक जपानी भाषेत 'योनानुकी', म्हणजे चौथा आणि सातवा वगळलेलं. उरतात सा रे ग प ध, भूप रागाचे स्वर. सुरुवात अशी: मंद्र (खालच्या सप्तकातला) प, सा सा रे ग प, तार (वरच्या सप्तकातला) सां, ध प. पुढची ओळ: ध सा सा रे ग. पहिल्याच ओळीत मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत गळा फिरतो, म्हणून पट्टी आधी ठरवायची. बायकांची नेहमीची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) इथे चालत नाही, मंद्र पंचम फार खाली जाऊन शब्द पुटपुटल्यासारखे होतात. पांढरी एक घ्या, गळा हलका असेल तर काळी दोन. पुरुषांना काळी एक किंवा दोन सोयीची पडते.

स्वर भूपाचे असले तरी भूप गायचा नाही. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं), मुरकी, कण, असली सजावट काही नको. दुसऱ्या ओळीत 'आ'वर धैवत आणि 'का'वर थेट खाली षड्ज आहे. तिथे घसरत यायचा मोह होतो. यामादांनी बोलण्यातला चढउतार चालीत तसाच ठेवला आहे, 'आ' उंच, 'का' खाली. मींड घेतली की तो बोलण्याचा सूर पुसतो. मेट्रोनोम 60 वर लावा. ठेका तीन मात्रांचा आहे, दादऱ्यात हिशेबाने बसतो, पण तबल्यावर दादरा वाजला की त्याचं भावगीत होतं. फक्त पेटी किंवा तानपुरा पुरे. 'फुरुसातो'ला मात्र भूप लावू नका. त्याची पहिली ओळ सा सा सा रे ग रे, ग ग म प अशी आहे आणि 'यामा'च्या 'या'वर शुद्ध मध्यम येतो. भूप डोक्यात असला की हा मध्यम हमखास गळतो.

हे स्वर वहीत मांडून शिकणं या शहराला नवं नाही. गायक मौलाबक्षांनी महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 साली इथे गायनशाळा सुरू केली आणि गाणी स्वरलिपीत छापली. पुढच्याच वर्षी तोक्योमध्ये सरकारी संगीत विद्यालय निघालं. त्याच काळात जपानी शाळांची गाणीही कागदावर उतरत होती.

रियाजाचा क्रम असा ठेवा. पहिले तीन दिवस पेटी न उघडता चौकोनांवर बोट ठेवून नुसते शब्द म्हणा, प्रत्येक चौकोनाला एक टिचकी. मग चार दिवस नुसती सरगम. त्यानंतर दोन्ही एकत्र. उलट क्रमाने गेलात तर चाल पाठ होते आणि शब्द चालीमागे फरपटतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून एखाद्या जपानी आवाजाशेजारी लावून ऐका. चूक बहुतेक वेळा लांबीची निघते, सुराची क्वचित.

कार्यक्रमात अर्थ गाण्याच्या आधी सांगा, मधे नको. दोन वाक्यं मराठीत, आणि शेजारची गुजराती मंडळी असतील तर एक गुजरातीत. 'पाठुंगळी' हा शब्द जरूर वापरा. मूळचा 'ओवारेते' म्हणजे पाठीवर घेतलेला. जपानीत 'पाठलाग झालेला' हाही शब्द अगदी असाच ऐकू येतो, त्यामुळे तिथेही चुकीचा अर्थ घेणारे असतात. चौथ्या कडव्यात चतुर काठीच्या टोकावर बसलेला आहे. तिथे लय किंचित सोडा, शेवटचा षड्ज पूर्ण धरा आणि भाता बंद केल्यावरही लगेच काही बोलू नका.