गोपनीयता करार: सही करताना आणि नोकरी सोडताना या चुका टाळा

ऑफर लेटरसोबत लांबलचक पीडीएफ येते, तिच्यात मध्येच कुठेतरी एनडीए म्हणजे गोपनीयता करार असतो, आणि जॉइनिंगच्या गडबडीत आपण थेट शेवटच्या पानावर सही ठोकतो. पुढे काही जण छातीठोकपणे सांगतात की असले कागद कोर्टात टिकतच नाहीत. काही जण नोकरी सोडून वर्षं उलटली तरी जुन्या ऑफिसबद्दल चकार शब्द काढायला घाबरतात. दोन्ही समजुतींमुळे माणसं अडकतात.

करार जितका कडक, तितका पक्का असं समजणं

बहुतेक वेळा उलटच असतं. २०१६ च्या ट्रम्प प्रचारमोहिमेने कर्मचाऱ्यांकडून लिहून घेतलेला करार पाहा. गोपनीय काय, तर ट्रम्प जे जे खाजगी ठेवायला सांगतील ते सगळं. शिवाय ते, त्यांचं कुटुंब, त्यांच्या कंपन्या, यांच्याविरुद्ध कधीही वावगं बोलायचं नाही. मुदत नाहीच. जेसिका डेन्सन या माजी कर्मचारी महिलेने भेदभावाचा दावा लावला, तेव्हा मोहिमेने हाच करार पुढे करून तिला लवादात, म्हणजे कोर्टाबाहेरच्या निवाड्यात, खेचलं आणि जवळपास ५० हजार डॉलरचा निवाडा मिळवला. तो पुढे रद्द झाला. मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायाधीशांनी अख्खा करारच अवैध ठरवला, कारण तो कशाला लागू होतो आणि किती काळ, याचा कुणालाच पत्ता लागत नव्हता. २०२३ च्या तडजोडीत मोहिमेच्या इतर कर्मचाऱ्यांचीही त्यातून सुटका झाली. मधली चार-पाच वर्षं मात्र तो कागद आपलं काम करतच होता. घाबरवायचं काम.

आता आपल्याकडचं, कल्याणचं प्रकरण. सेंच्युरी स्पिनिंगने तिथल्या टायर कॉर्ड (टायरमध्ये वापरायचा धागा) कारखान्यासाठी परदेशी कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं होतं, आणि ते गुप्त ठेवण्याची अट कंपनीवरच होती. म्हणून शिफ्ट सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार झाला. गडी मध्येच नोकरी सोडून राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची, दुसरीकडे तेच काम करण्याची मनाई कायम ठेवली, कारण बंधन कराराच्या मुदतीपुरतं आणि त्याच प्रकारच्या कामापुरतं होतं. थोडक्यात, लांबलचक धमक्यांनी भरलेल्या करारापेक्षा दोन परिच्छेदांचा नेमका करार जास्त जपून वाचा.

एनडीए, नॉन-कम्पीट आणि बाँड एकाच पारड्यात तोलणं

सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही, हे नॉन-कम्पीट कलम एनडीएच्या पोटात सर्रास लपवलेलं असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्या कोर्टांत सहसा टिकत नाही. आपला क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची मॅनेजमेंट कंपनी यांच्या वादातही २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम लावलं.

बाँडचं तसं नाही. ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर भरती-प्रशिक्षणाचा खर्च द्या, अशी अट कोर्ट मान्य करू शकतं. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उचलून धरली. गोपनीयतेचं बंधनही नोकरीसोबत आपोआप संपत नाही. नव्या कंपनीत खुशाल जा, जुन्या कंपनीची दरपत्रकं आणि ग्राहकांच्या याद्या सोबत नेऊ नका.

पन्नास लाखांचा आकडा बघून हातपाय गाळणं

करार मोडल्यास द्यायची म्हणून लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. लिहिलंय म्हणून पूर्ण आकडा पदरात पडतोच असं नाही.

शेवटच्या आठवड्यात फाइली स्वतःच्या जीमेलवर पाठवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'माझंच काम होतं, सँपल म्हणून ठेवलं' हा बचाव लंगडा आहे. ईमेलची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते, आणि परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने डेटा उतरवून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मग एनडीए कमकुवत असला तरी उपयोग नाही. निवडणुकीत पक्षाच्या वॉर रूममध्ये किंवा सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या पोरांनी तर हे फारच सांभाळावं. मतदारांच्या फोन नंबरांची एक्सेल शीट पुढच्या उमेदवाराकडे न्यायचा मोह अनेकांना होतो.

स्टॅम्प पेपर नव्हता म्हणून निर्धास्त राहणं

मुद्रांकाची उणीव दंड भरून दूर करता येते. स्क्रीनवर 'आय अ‍ॅग्री' दाबून झालेला करारही करारच असतो.

सही केली म्हणजे तक्रारीचा हक्क गेला, असं मानणं

ही भीती एचआरवाले क्वचितच दूर करतात. गुन्ह्याची फिर्याद दडपण्यासाठी केलेला करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असतो, आणि कोर्टाचे दरवाजे पूर्ण बंद करणारं कलम करार कायद्याच्या कलम २८ नुसार रद्दबातल ठरतं. शेअर बाजारातील कायदेभंगाची माहिती सेबीला, म्हणजे या बाजाराच्या नियामकाला, देण्यापासून रोखणारी अट सेबीच्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसारच रद्दबातल आहे. उमेदवाराने खर्च लपवल्याची तक्रार निवडणूक आयोगाकडे करायलाही एनडीए आड येऊ शकत नाही.

लैंगिक छळाच्या प्रकरणात थोडा गुंता आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, साक्षीदार, चौकशीचा तपशील हे जाहीर करता येत नाही. ही गुप्तता कायद्याने आलेली आहे, कंपनीच्या करारातून नव्हे. तिचा अर्थ पोलिसांत जाऊ नका असा होत नाही. उलट तक्रारदार महिलेला फौजदारी तक्रार करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. समेट तिने मागितला तरच, आणि पैशाची देवघेव त्याचा पाया असू शकत नाही. 'पैसे घ्या, सही करा, विषय संपवा' असं कुणी सुचवलं, तर आधी वकील गाठा.

एक मात्र ध्यानात ठेवा. सेबीला लिहिणं वेगळं आणि तोच मजकूर लिंक्डइनवर टाकणं वेगळं. पोस्टला हे संरक्षण नाही, शिवाय अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते.

जाताना नव्याने सही करणं

फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदांत पूर्वीपेक्षा व्यापक करार सरकवण्याची पद्धत आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये सोडून जाणाऱ्यांनी टीका न करण्याच्या करारावर सही नाकारली, तर मिळालेले शेअरसुद्धा जाऊ शकतात अशी अट होती. मे २०२४ मध्ये ते बाहेर आलं आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. कमावलेला पगार आणि ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, नव्या सहीचा मोबदला नव्हे. ईमेलवर वेळ मागा आणि तीन दुरुस्त्या सुचवा: गोपनीय माहितीची नेमकी यादी, ठरावीक मुदत, आणि सरकारी यंत्रणा, कोर्ट वा पोलीस यांना दिलेली माहिती वगळण्याचं वाक्य. ऑफिसचा लॉगिन बंद होण्याआधी स्वतः सही केलेल्या करारांची प्रत एचआरकडून मागून घ्या. नंतर मागितली की उत्तर यायला महिने लागतात.