पाहुण्या मित्रांना शहर दाखवताना

बाहेरगावचे मित्र आले की काय काय दाखवू असं होतं आणि संध्याकाळपर्यंत सगळेच दमून जातात. दिवसाला मोठी ठिकाणं दोनच ठेवा. कोरीवकाम असलेली वास्तू सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर दाखवा. माथ्यावरच्या उन्हात सपाट दिसणारी वेलबुट्टी तिरप्या उन्हात सावल्यांमुळे उठून दिसते. दुपार संग्रहालयासाठी; फक्त साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी ती सोमवारी असते.

आणि सनावळी सांगत बसू नका. जुन्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात, तिथे थांबा, दगडावरून हात फिरवायला सांगा. इतकी वर्षं माणसं नेमकी कुठे पाय ठेवून चढली, ते त्यांना हातानेच कळतं.