मराठवाड्यात नवीन आलात? रोपं आणण्याआधी माती आणि पाणी बघा

बदलीवर, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन मराठवाड्यात आलेली माणसं भेटली की बागेचा विषय निघतोच. गावाकडे काडी रोवली तरी फुटायची, इथे नर्सरीतून आणलेली टवटवीत रोपं महिन्याभरात पिवळी पडतात, हिरवळ लावली तर उन्हाळ्यात जळते, काय करायचं? मी मूळची रत्नागिरीकडची. लग्नानंतर छत्रपती संभाजीनगरला आले आणि इथलीच झाले. आज माझ्या अंगणात केसर आंबा, लिंबू, शेवगा, मोगरा आणि पारिजातक सुखाने नांदताहेत, त्यामुळे हे खात्रीने सांगते: इथल्या बागेतल्या बहुतेक तक्रारी रोगाच्या नसतात. त्या मातीच्या आणि पाण्याच्या असतात. औषधाच्या दुकानात जाण्याआधी या दोन गोष्टी समजून घेतल्या तर पैसाही वाचतो आणि झाडंही.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्यात सरासरी सातशेच्या आसपास, आणि तोही मोठमोठे खंड देत. तिकडची जांभ्याची माती आम्लधर्मी, पाणी धरून न ठेवणारी. इथली बेसाल्टपासून झालेली काळी माती त्याच्या अगदी उलट: चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) साधारण साडेसात ते साडेआठ, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. त्यामुळे आईने शिकवलेलं 'रोज संध्याकाळी झाडांना पाणी' हे इथे तसंच्या तसं चालत नाही.

काळ्या मातीत रोप मरतं ते बऱ्याचदा पाणी जास्त झाल्याने. दुपारी पानं मान टाकतात, वर माती भेगाळलेली दिसते, आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण पाइप सोडतो. पण चार बोटं खाली माती चिखल असते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि पाण्यात उभं असलेलं झाड वाळतं. आमच्या कॉलनीत बीडकडचे एक माळीमामा यायचे. त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं, "ताई, वर भेगा दिसल्या म्हणून पानी सोडू नका. आदी बोट घालून बघा खाली." तेच करा. आळ्यातली माती वीतभर खालून काढा आणि मुठीत दाबा. बोटांना चिकटली तर अजून थांबा. गोळा झाला पण हलकं दाबताच मोकळा फुटला, तर वापसा आहे. खुरपायचं, खत घालायचं ते याच वेळी. गोळाच होत नसेल तर पाणी द्या, आणि देताना थोडं थोडं रोज न देता आळं भरून द्या, मग वापशाच्या पुढे माती वाळेपर्यंत हात आखडता घ्या. ओल्या काळ्या मातीत पाय घालून फिरू नका. ती दबून इतकी टणक होते की पुढचा हंगामभर पाणी मुरत नाही.

नवीन घरात राहायला आला असाल तर अंगणात जी माती दिसते ती खरी जमीन नसतेच. बांधकाम संपताना मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा पसरून वर वीतभर काळी माती टाकलेली असते. सिमेंट आणि चुन्यामुळे आधीच अल्कधर्मी असलेली माती आणखी बिघडते. फळझाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, त्यात पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे झाड लावू नका. जागा बदला किंवा उंच गादीवाफा करा. खड्डा भरताना पूर्ण कुजलेलं शेणखत भरपूर घाला. काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून दोन घमेली वाळू टाकतात, त्याने काही साधत नाही; तिला मोकळं करतं ते वर्षानुवर्षं घातलेलं शेणखत आणि पालापाचोळा. आणखी एक, फुलांचे वाफे घराच्या जोत्याला लागून करू नका. फुगणारी-आटणारी माती जोत्याला आणि फरशीला तडे देते. तीनेक फूट अंतर ठेवा.

आता पाणी. इथल्या बऱ्याच शहरांत नळ रोज येत नाही, त्यामुळे बाग बोअरवर किंवा टँकरवर असते. बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या कडेला, मातीवर पांढरा थर बसला, जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, तर समजायचं क्षार साचले. वरचा पांढरा थर खरवडून काढा आणि कुंडीला खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी एकदा द्या, शक्य असेल तर पावसाचं. दर पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की हे काम आपोआप होतं, म्हणून त्या छपराखाली कोंडू नका.

घरातलं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची इथे चांगली सवय आहे, पण कोणतं पाणी ते बघायला हवं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. एसीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते कुंड्यांना जरूर द्या. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी मात्र नको. पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात आणि दिवसागणिक दाट होत जातात. ते पाणी तुळशीला घातलं की ती का वाळली हे कळत नाही. आरओचं टाकाऊ पाणीही याच कारणाने फक्त फरशी पुसायला वापरा. वॉटर सॉफ्टनरचं आणि कपड्यांच्या पावडरचं पाणी काळ्या मातीत घालू नका. त्यातला सोडियम मातीची घडणच मोडतो, मग ती पाणी पीत नाही.

एकदा माती आणि पाणी तपासून घ्याच. कृषी विज्ञान केंद्रात याची नीट माहिती मिळते. जालन्यात खरपुडीला, नांदेड जिल्ह्यात सगरोळीला, हिंगोलीत तोंडापूरला अशी केंद्रं आहेत. अहवालात सामू आणि क्षारता हे दोन आकडे आधी बघा. पाण्याची क्षारता (अहवालात ईसी) २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर त्या पाण्यावर गुलाब आणि लिंबू जगवण्याचा हट्ट सोडा, कण्हेर आणि बोगनवेल लावा. कुणी सांगितलं म्हणून तपासणीशिवाय जिप्सम टाकू नका. ते सोडियमने बिघडलेल्या जमिनीसाठी असतं, चुनखडीच्या जमिनीला त्याचा उपयोग नाही.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते पिवळ्या पानांबद्दल. आधी कोणती पानं पिवळी पडली ते बघा. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे, शेणखत किंवा गांडूळखत द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जणू जाळी काढलेली, असं असेल तर लोहाची कमतरता. जास्वंद, मोगरा, लिंबू, गुलाब यांच्यावर हे इथे हमखास दिसतं. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला उचलता येत नाही. त्यामुळे हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसा फायदा होत नाही, तिथेही ते बांधलं जातं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक अॅसिड विरघळवून उन्हं उतरल्यावर पानांवर फवारा, आधी एका फांदीवर करून बघा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. महाग आहे, पण अल्कधर्मी मातीत टिकतं. ईडीटीए लिहिलेलं स्वस्त पाकीट फवारणीला ठीक, मातीत वाया जातं. अनंत मात्र आम्ल मातीचं झाड आहे. माहेरची आठवण म्हणून लावायचाच असेल तर मोठ्या कुंडीत, कोकोपीट आणि पालापाचोळ्याच्या खतात, आणि फक्त पावसाच्या किंवा एसीच्या पाण्यावर.

हिरवळीबद्दल माझं मत ठाम आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या प्रदेशात आपण राहतो. मे महिन्यात हिरवळ ताजी ठेवायला रोज चौरस मीटरमागे पाच-सहा लिटर पाणी लागतं. वीस बाय तीस फुटांच्या लॉनला म्हणजे दिवसाला तीनशे लिटरच्या आसपास. तेवढ्या पाण्यात फळझाडांची अख्खी रांग जगते. मुलांना खेळायला, संध्याकाळी बसायला दहा बाय दहाचा तुकडा पुरेसा आहे, आणि त्यावर हरळी लावा. मेक्सिकन गवत दिसायला गुबगुबीत असतं, पण त्याला पाणी आणि निगा दोन्ही जास्त. हरळी उन्हाळ्यात तपकिरी पडली तर घाबरू नका, ती मेलेली नसते; आठवड्यातून एक खोल पाणी मिळालं तरी मुळं तग धरतात आणि मृगाच्या पावसाने पुन्हा हिरवी होते. उन्हाळ्यात गवत फार बुटकं कापू नका, दीड-दोन इंच उंची राहू द्या.

त्यात लव्हाळा शिरला तर फक्त वरून उपटू नका, खालच्या गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. पाऊस पडून माती मऊ असताना खुरप्याने गाठींसकट काढा, आणि हे काम सलग दोन हंगाम करावं लागेल ही तयारी ठेवा. गाजरगवत फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटा. हातमोजे घालूनच, कारण त्याने अंगाला खाज आणि पुरळ येतं, दमाही वाढतो. त्याच्या पानांवर पिवळसर पाठीचे, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे आहेत, गाजरगवतच खातात.

पावसाळ्यात लॉनमध्ये पिवळे ठिगळ पडले आणि गवत ओढताच सतरंजीसारखं उचलून आलं, तर खाली हुमणी आहे. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी मुळं खाते. तिच्यावर खरा उपाय जूनमध्येच असतो. वळवाचे पहिले चांगले पाऊस झाले की तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर बसतात. अंधार पडल्यावर झाडाखाली जुनी चादर पसरा, फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. शेजारीपाजारी मिळून हे चार-पाच संध्याकाळ केलं तर फरक दिसतो, एकट्याच्या अंगणात करून तितका नाही. अर्धवट कुजलेलं शेणखत आणलं की हुमणी त्याच्याबरोबर घरी येते, म्हणून खत हातात घेऊन बघा: वास नको, गरम नको. मेटारायझियम ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून ओल्या मातीत देता येते.

जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसासारख्या पिठ्या ढेकणाला आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरमागे पाच मिली निंबतेल आणि थोडा द्रव साबण. जास्त माखलेली फांदी कापून पिशवीत बांधून टाका. खोडावर मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच या किडीला जपतात. जूनमध्ये कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून वाळवून ठेवल्या की वर्षभराचा अर्क घरचा. खोडावरच्या बुरशीसाठी फळझाडांच्या खोडाला पावसाळ्याआधी जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, उन्हाच्या चटक्यापासूनही खोड वाचतं.

उन्हाळा सुरू होण्याआधी आच्छादन करून घ्या. इथे ती सोय कोकणापेक्षा चांगली आहे. ऑक्टोबरनंतर सोयाबीनचं भुसकट मिळतं, पुढे उसाचं पाचट आणि गव्हाचा भुसा. तीन-चार इंचांचा थर द्या, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. कुंड्यांवर गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत पन्नास टक्के सावलीची जाळी बांधा, आणि गच्चीवरच्या कुंड्या विटांवर उचलून ठेवा. तापलेली फरशी खालून मुळं भाजते.

शेवटी झाडांची निवड. सुपारी, कोकम, जायफळ यांचा मोह सोडा. हापूसचीही वाट बघू नका; केसर इथल्या हवेत सुंदर येतो, मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे. जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ यांनाही ते मिळालंय. सीताफळाला तर पाणी फारसं लागतच नाही. लिंबू, डाळिंब, शेवगा, कढीपत्ता हे घरापुरते बिनधास्त लावा. कलमं रस्त्याकडेच्या गाडीवरून घेण्यापेक्षा संभाजीनगरात हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चौकशी करा. तिथे कोणती जात आपल्या जमिनीला चालेल हेही विचारता येतं. लागवड मार्चमध्ये नको. जूनअखेर दोन दमदार पाऊस झाले, माती खोलवर भिजली आणि वापसा आला की लावा, कलमाचा जोड जमिनीच्या वर ठेवा, आणि पहिली दोन-तीन वर्षं आलेला मोहोर खुडून टाका.