गावच्या चर्चचा इतिहास लिहायचा तर

गोव्यातल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेलं साल दिसलं की ‘चर्च अमुक साली बांधलं’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, स्मरणिकांतल्या कितीतरी चुका इथेच सुरू होतात. एका चर्चला निदान चार सालं असतात: पॅरिश, म्हणजे स्वतंत्र धर्मग्राम, झालं ते, पहिलं साधं कपेल (छोटं प्रार्थनाघर) उभं राहिलं ते, आजची इमारत बांधली ते, आणि मोठी दुरुस्ती झाली ते. वहीत आधी हे चार रकाने आखा आणि सापडलेलं साल कुठल्या रकान्यातलं हे कळल्याशिवाय मजकुरात घेऊ नका. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकेचं काम १५९४ साली सुरू झालं, अभिषेक १६०५ साली झाला, आणि लोक ज्या तांबड्या चिऱ्याचं कौतुक करतात तो १९५०च्या दशकात गिलावा खरवडल्यामुळे उघडा पडलाय.

कागदांच्या आधी इमारत बघा. विगाराला, म्हणजे चर्चच्या मुख्य धर्मगुरूला, लेखी पत्र द्या आणि दिवस फेस्ताच्या नोव्हेनांचा, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांचा, नसेल असं बघा. पावसाळ्यात जाऊ नये. चिरा पाणी पितो, गिलाव्यावर शेवाळ चढतं आणि जुने सांधे दिसेनासे होतात. सोबत तीस मीटरचा टेप आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस हवा. प्रत्येक भिंतीची जाडी दारा-खिडक्यांपाशी मोजा. जाडी मध्येच बदलली, उभी सरळ फट वरपासून खालपर्यंत गेली, किंवा बुजवलेली कमान दिसली, तर तिथे दोन काळांची बांधकामं जोडलेली असण्याची शक्यता आहे. आकडे मीटरमध्ये घ्याच, पण पाल्म या जुन्या पोर्तुगीज मापातही करून बघा. एक पाल्म म्हणजे साधारण बावीस सेंटिमीटर, पाच पाल्म म्हणजे एक पोर्तुगीज व्हारा. जुन्या खर्चाच्या वह्यांत हीच मापं असतात, त्यामुळे वहीतली भिंत कुठली ते ओळखता येतं.

जमिनीतल्या थडग्यांवरचे आणि दारावरचे लेख वाचायला खडू, तेल, पीठ काही लावू नका. चिऱ्यात गेलेलं तेल परत निघत नाही. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, प्रत्येक लेखाचे चार बाजूंनी चार फोटो घ्या. दिवसा न दिसणारी अक्षरं सावलीत उठून येतात. थडग्यावरचं साल तेवढं त्या माणसाचं, चर्चचं नव्हे. घंटेवरचं तर आणखीच फसवं. १८३५ साली गोव्यातले ख्रिस्ती मठ बंद झाल्यावर त्यांच्या घंटा आणि वेदी दुसऱ्या चर्चमध्ये गेल्या. ऑगस्टिनियन मठाची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे.

मग दफ्तर. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची पुस्तकं चर्चमध्ये नसतील तर पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा तिथल्याच आल्तिन्यो टेकडीवरच्या बिशपांच्या दफ्तरात विचारा. गोव्यातल्या साष्टी तालुक्यात जेझुइट आणि बारदेशात फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू होते, म्हणून जुन्या पत्रव्यवहाराचा शोध त्या त्या संघाच्या कागदांतून घ्यावा लागतो. १७५९ साली जेझुइटांना हाकलल्यावर साष्टीतला कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. तिथे वह्यांचा सूर बदलतो. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या मुलखातल्या, गावांसाठी मोडीतले मराठी कागदही बघायला हवेत, आणि मोडी येणारे वाचक इथे पोर्तुगीज येणाऱ्यांच्या पुढे असतात.

तारखा वाचताना सगळ्यात मोठा खड्डा महिन्यांचा. जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरात ‘७ब्रो’ लिहिलेलं असतं. जुलै समजू नका, तो सप्टेंबर: सेते म्हणजे सात. ‘८ब्रो’ ऑक्टोबर, ‘९ब्रो’ नोव्हेंबर, आणि फुलीसारख्या रोमन दहाच्या पुढे ‘ब्रो’ आलं की डिसेंबर. १ आणि ७ सारखेच दिसतात, तेव्हा संशय आला तर आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची साखळी बघा. नोंद उतरवून घेतानाच पुस्तकाचं नाव, पानाचा आकडा आणि पानाची पुढची बाजू की मागची हे लिहा. घरी आल्यावर आठवत नाही. हातमोज्यांची गरज नसते; स्वच्छ, कोरडे हात पुरतात, आणि पेनाऐवजी पेन्सिल.

नावांवरून घराणी जोडताना हात आखडता घ्या. धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं किंवा पाद्रीनचं, म्हणजे धर्मपित्याचं, आडनाव मिळे, त्यामुळे एका आडनावाचे दोघे नातलग असतीलच असं नाही. गावकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा, धागा घ्यायचा तर कोमुनिदादीचे, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे, कागद बघा: चर्चच्या जमिनी, दिव्याचं तेल, फेस्ताचा खर्च तिथे सापडण्याची जास्त आशा. फाब्रिकेच्या, म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीच्या, जमाखर्चाच्या वह्याही तितक्याच बोलक्या. चुन्याच्या, चिऱ्याच्या, सुताराच्या मजुरीच्या रकमा एकाच वर्षी फुगल्या असतील, तर तुमच्या तिसऱ्या किंवा चौथ्या रकान्याचं साल तिथेच मिळालं समजा.

वाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना शेवटी विचारा, आधी नको. आधी विचारलं की त्यांची गोष्ट तुमच्या वाचनावर बसते. ‘इथे पूर्वी देऊळ होतं’ हे जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येतं. काही ठिकाणी ते खरंही आहे, पण कागद किंवा दगड असल्याशिवाय ‘गावात असं सांगतात’ एवढंच छापा. दोन कागद दोन सालं सांगत असतील तर दोन्ही छापा, कोणतं कुठे मिळालं ते पुढे लिहून. छपाईनंतर एक प्रत विगाराच्या कपाटात आणि एक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात द्या. चर्चमधल्या कपाटाला वाळवी लागते.