चिकटलेले १ बाद: बायनरीतून आकड्यांची माळ कशी काढायची

वही-पेन घ्या, कोडिंग येत नसलं तरी चालतंय. बायनरी म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या. नियम एवढाच की ज्या संख्येच्या बायनरीत दोन १ शेजारी-शेजारी आले ती बाद, बाकीच्या ठेवायच्या.

आधी बायनरी काढू. संख्येला २ ने भागत जायचं, दरवेळची बाकी लिहायची, भागाकार ० झाला की सगळ्या बाक्या खालून वर वाचायच्या. २० च्या बाक्या ०, ०, १, ०, १ म्हणजे १०१००, पास. १९ म्हणजे १००११, बाद. (उलटं वाचलंत तरी या नियमात फरक पडत नाही, पण दुसरा एखादा नियम घेतलात तर घात होऊ शकतो.)

आता ० पासून सुरू करा: ०, १, २, ४, ५, ८, ९, १०. ते ० विसरू नका, मी विसरलो होतो आणि मग पुढची सगळी मोजणी एकाने चुकत गेली. ११ ते १५ सगळे बाद.

इथून पुढे एकेक तपासत बसायचं नाही. बायनरीत उजवीकडून घरांची किंमत १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाते. १६ च्या घरात १ आला की शेजारचं ८ चं घर रिकामं हवं, म्हणून ८ पेक्षा लहान जे पास झालेत त्यांत फक्त १६ मिळवा: १६, १७, १८, २०, २१. ३२ साठी तसंच, १६ च्या आतले आठ घ्यायचे.

बरोबर आलं का हे बघायला मोजा. २ च्या आत २ संख्या, ४ च्या आत ३, मग ५, ८, १३. हो, फिबोनाचीच (प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज), पण जैन आचार्य हेमचंद्राने ११५० च्या सुमारास छंदांतल्या मात्रा मोजताना हेच आकडे दिले होते आणि खरी गंमत तिथेच आहे. १० चं बायनरी १०१०, त्याच्या शेवटी एक ० चिकटवा, १०१००. आता १० म्हणजे गुरू (दोन मात्रा) आणि सुटा ० म्हणजे लघु (एक मात्रा) असं वाचा: गुरू, गुरू, लघु, झाल्या की पाच मात्रा! १६ च्या आतल्या आठही संख्या चार-चार घरांत लिहून (५ म्हणजे ०१०१) असंच करा, पाच मात्रांचे आठही प्रकार मिळतात, एकही रिपीट नाही.

शेवटी पहिले दहाएक आकडे ओईआयएसच्या (आकड्यांच्या माळांचा ऑनलाइन कोश) सर्चमध्ये टाका, ए००३७१४ नंबरची नोंद येईल, तिथे या संख्यांना फिबबायनरी म्हणतात. मग नियम बदलून बघा, समजा १ ची एकूण संख्या सम हवी: ०, ३, ५, ६, ९, १०... यांचं नाव इव्हिल नंबर्स, ईव्हनवरून केलेली कोटी आहे, आणि विषमवाल्यांना ऑडवरून ओडियस म्हणतात.