स्वस्त विंच घेतलाय? पावसाआधी एवढं करा

जांबोटी-कणकुंबीकडं गाडी चिखलात रुतली की स्वस्त विंच (गाडीला लावलेली, दोरीनं ओढून काढणारी मोटरची चरखी) नेमका तेव्हाच गप्प बसतो. पुष्कळदा मोटर शाबूत असते. सॉलेनॉइडच्या (मोटरला करंट देणाऱ्या स्विचच्या) डबीत पाणी शिरून टर्मिनल गंजलेली असतात. वॉर्नसारख्या महाग विंचचे जादा पैसे, माझ्या मते, बरेचसे या सीलिंगचेच.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डबी उघडून टर्मिनल घासा, पुन्हा आवळा, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं) लावा. झाकणाच्या कडेला सिलिकॉन भरा. खाली निचऱ्याचं भोक असेल तर ते मात्र बुजवू नका.

२. ड्रमवर दहा वेढे ठेवून बाकी दोरी सोडा. टोक भक्कम झाडाला पट्ट्यानं बांधा आणि हलका ब्रेक धरून गाडी ओढवत दोरी ताणात गुंडाळा.

३. महिन्यातून एकदा रिकामा फिरवा.

खोक्यावरचे ९५०० पौंड (साधारण ४३०० किलो) ड्रमवरच्या पहिल्या थराचे असतात. थर वाढतील तशी ओढ घटते. त्यापेक्षा मोठा विंच घेण्याआधी स्नॅच ब्लॉक (दोरी फिरवून परत गाडीकडं आणायची कप्पी) घ्या. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. खानापूरच्या लाल चिखलात घाई कुणाला असते?

ताणलेली दोरी कधीच ओलांडू नका. स्टीलची असेल तर मधोमध ओलं गोणपाट टाका.