कोड सर्चमध्ये नेमकी फाइल वर आणायची कशी

टिळकवाडीतल्या आमच्या हापिसात पावतीचं फंक्शन शोधलं की आधी चार टेस्ट फायली (कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या) वर यायच्या, खरी फाइल कुठंतरी खाली, वैताग नुसता. इलास्टिकसर्च (शोधाचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आधी बीएम२५ चं, म्हणजे गुण देऊन कुठली फाइल वर ते ठरवणाऱ्या सूत्राचं, 'बी' बघा; फाइलीच्या लांबीला किती मोजायचं ते हा आकडा ठरवतो, ते मुळात ०.७५ असतं म्हणजे लांब फाइलीचा भाव पडतो, आणि आमची बिलिंगची फाइल म्हणजे मारुतीचं शेपूट, मग ०.३ केलं. इंडेक्स (शोधासाठी केलेली फायलींची सूची) बंद करून बदलायचं, परत उघडायचं, भर दुपारी नको हं. के१ (शब्द फाइलीत परत परत आला की गुण किती वाढतात तो आकडा) आहे तसं १.२ राहू दे की. फाइलच्या नावाला ३ चा बूस्ट द्या, म्हणजे नावात जुळलं की त्याचे गुण तिप्पट, टेस्ट फोल्डरला निगेटिव्ह बूस्ट ०.५ म्हणजे गुण निम्मे, पार काढून टाकू नका, कधी टेस्टच शोधायची असते. एकावेळी एकच आकडा हलवा आणि रोजचे दहा सर्च वहीत लिहून तेच परत मारून बघा.